परबांचा एक्स-रे

परवा मुलुंडच्या दवाखान्यात माझा एक्स-रे काढला. फिल्म उजेडाकडे धरली आणि परब आठवले.

तेव्हा मी विक्रोळीच्या एका कारखान्यात नर्स होते. परब ग्राइंडिंग खात्यात होते, दिवसभर धातूच्या धुळीत, सतत खोकायचे. कंपनीचे डॉक्टर म्हणायचे, बिडीचा खोकला. एके दिवशी युनियनचे सावंत त्यांना माझ्याकडे घेऊन आले. युनियनने बाहेर काढून घेतलेला एक्स-रे त्यांनी खिडकीशी धरला. दोन्ही फुफ्फुसांत पांढरे ठिपके होते.

"सिस्टर, हे इथे किती वेळा आले तेवढं लिहून द्या. मग आजार कामातला ठरेल, कंपनीला उपचार करावेच लागतील."

आतल्या खोलीत डॉक्टरसाहेब बसले होते, सगळं ऐकू जाईल इतक्या जवळ.

"जुनं रजिस्टर सापडत नाही," मी म्हणाले. ते माझ्याच खणात होतं.

सावंत भडकले. परब दम घेत म्हणाले, "जाऊंदे रे, बाईची पण नोकरी आसा."

युनियनने शेवटपर्यंत त्यांचं औषधपाणी केलं. सावंतांचा राग मी विसरले. परबांचा तो समजूतदार आवाज मात्र अजून कानातून जात नाही.