दाजीसाहेबांचा रुसवा

माझ्या आतोबांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, घरून आजवर कोणी उपाशी परतलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर नुसतं पोटभर जेवूनही कोणी परतलेलं नाही. कारण तुमचं पोट भरलं की तिथे खरं जेवण सुरू व्हायचं. माळव्यात धारला त्यांच्याकडे दाल-बाफल्यांना, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेल्या कणकेच्या गोळ्यांना, बसायचं म्हणजे दोन दिवस आधीपासून तब्येत तयार ठेवावी लागे. तुपाचं भांडं घेऊन ते असे फिरत की 'पुरे' म्हणून आडवा धरलेला हातच तुपात न्हाऊन निघे. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस, कुरिअरवाला, पत्ता विचारायला थांबलेला स्कूटरवाला, सगळ्यांना "अरे भिया, बैठो तो सही" म्हणत आत ओढायचे. यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. माणूस खात नाही याचा अर्थ एकच, तो रागावला आहे. भूक नसणं, पोट बिघडणं, डॉक्टरांनी मनाई करणं, हे सगळे नाराजी झाकायचे बहाणे. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनी लाडू नाकारला. त्यांना मधुमेह. आतोबांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि चौथ्या दिवशी दोन बसा बदलून देवासला आमच्या दारात हजर. म्हणे, मानपानात काही चुकलं असेल तर पदरात घ्या. सासरे इतके ओशाळले की त्यांनी तिथल्या तिथे एक लाडू खाल्ला. त्यांची शुगर वाढली आणि बोलणी मला बसली.

अशा माणसाकडे साप यावा, याला काय म्हणावं! साप मुळात त्यांच्या मुलाचा, मंदारचा. आत्याला फार उशिरा झालेला हा एकुलता एक. साप आफ्रिकेकडचा, अजगराच्या जातीतला, बिनविषारी. वनखात्याचे कागदपत्र वगैरे सगळं रीतसर होतं. पुढे मंदारला बंगळुरूला नोकरी लागली, तिथला घरमालक सापाला तयार होईना, म्हणून साप धारलाच राहिला. आतोबांनी आधी त्याचं इंग्रजी नाव बदललं. कोपऱ्यात बसून राहतो, कशाला हात लावत नाही आणि वेळेवर वाढलेलं जेवतो, हा तर सासुरवाडीला आलेला माणूस, असं म्हणून त्यांनी त्याला 'दाजीसाहेब' केलं. दाजीसाहेबांचं जेवण म्हणजे इंदूरहून आणलेले, बर्फात ठेवलेले मेलेले उंदीर. ते माझ्या फ्रिजमध्ये ठेवलेत तर मी माहेरी निघून जाईन, असं आत्याने बासष्टाव्या वर्षी जाहीर केलं. मग मागच्या पडवीत उंदरांसाठी एक जुना फ्रिज आला, आणि फुलक्यांच्या चिमट्याशी घोटाळा नको म्हणून एक वेगळा चिमटाही आला.

हसू नका, पण आतोबांचा जीव त्या सापात अडकला होता, आणि तो सापाच्या प्रेमाने नव्हे. मंदारने धार सोडू नये असं त्यांना वाटे. त्यावरून महिनाभर घरात धुसफूस चालली होती. जायच्या दिवशी मंदार भरल्या ताटावरून उठला, बॅग उचलली आणि निघाला. झालं! पोरगा रागावून गेला, ही गाठ आतोबांनी मनाशी पक्की बांधली. त्यानंतर दर रविवारी त्याचा फोन यायचा. दाजीसाहेबांनी खाल्लं का? खाल्लं. बरं, ठेवतो. बाप-लेकांना बोलायला तेवढंच उरलं होतं.

आणि मार्गशीर्षात दाजीसाहेबांनी जेवण सोडलं. आतोबांनी ताबडतोब चौकशी बसवली. कोण काय बोललं? सापाच्या पेटीची काच पुसताना आत्याने 'मेल्या' म्हटलं होतं, ते बाहेर आलं. दिवाळीत मी पेटीसमोर उभी राहून फिदीफिदी हसले होते, तेही निघालं. देवाशप्पथ सांगते, आम्हां दोघींना पेटीपुढे उभं करून माफी मागायला लावली. मी पंचेचाळिशीची मास्तरीण, शाळेत पोरांना कान धरायला लावणारी, सापापुढे कान धरून उभी. दाजीसाहेब ढिम्म. मग नाकदुऱ्या सुरू झाल्या. पांढरा उंदीर नको तर करडा, मोठा नको तर लहान. एकटं वाटत असेल म्हणून पेटी मागच्या खोलीतून जेवणघरात आणली. दिवसातून तीनदा आतोबा कोमट केलेला उंदीर चिमट्यात धरून पेटीत वाकायचे आणि अजिजीने म्हणायचे, "घ्या ना, एवढासाच आहे."

सात आठवडे गेले. एका रविवारी मी समोर बसलेली असताना फोन आला. मंदारने नेहमीचं विचारलं आणि जन्मात खोटं न बोललेला हा माणूस म्हणाला, खाल्लं. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघेनात. मग हळूच म्हणाले, "हा गेला तर मी रविवारी त्याच्याशी काय बोलू गं?"

मला कोणाची कणव आली की राग येतो. म्हटलं, पुरे झाली मनधरणी, उठा, इंदूरला जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊ. दाजीसाहेबांना कापडी पिशवीत घालून, पिशवी टोपलीत ठेवून, शेजारी गरम पाण्याची बाटली देऊन आम्ही बस धरली. टोपलीत काय आहे, असं शेजारच्याने विचारलं, तर आतोबा म्हणाले, पाहुणे आहेत.

डॉक्टर तरुण होता. त्याने सापाचं वजन केलं, मंदारने लिहून ठेवलेल्या आधीच्या वजनाशी ताडून पाहिलं, तोंड उघडून बघितलं, श्वास तपासला. सगळं उत्तम. मग त्याने समजावलं: नर थंडीत महिनोन्‌महिने खात नाही, कात टाकायच्या आधी खात नाही, जागा बदलली तर खात नाही, गारठला तर खात नाही, आणि कोणी सारखं डोक्यावर उभं राहिलं तर मुळीच खात नाही. पेटी शांत खोलीत न्या, ऊब ठेवा, लपायला जागा द्या, पंधरा दिवसांनी एकदा विचारा आणि नको म्हणाला तर निघून या. वजन उतरायला लागलं तर मात्र लगेच आणा. आतोबांचं समाधान होईना. तो नक्की नाराज नाही ना, हे त्यांनी तीनदा विचारलं.

"काका, ये नाराज नहीं है," डॉक्टर म्हणाला. "इसको भूख नहीं है।"

घरी आल्यावर त्यांनी आपणहून मंदारला फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे तो बिचारा घाबरलाच. आतोबांनी आधी खोटं बोलल्याची कबुली दिली. मंदार हसला, थंडीत तो असाच करतो, सांगायचं माझ्याच लक्षात राहिलं नाही, म्हणाला. फोनचा स्पीकर चालू होता. आत्या आणि मी शेजारीच उभ्या.

"आणि तू?" आतोबांनी विचारलं. "तू त्या दिवशी ताटावरून उठलास तो?"



"रडू येत होतं हो बाबा. घास उतरेना. तुमच्यासमोर रडायचं नव्हतं."

आतोबा पाटावर बसले. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मग त्यांनी विचारलं, तिथे थंडी कितपत आहे, अंगावर काय घेतोस, शेजार कसा आहे. पाऊण तास बोलणं चाललं. आत्याने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

दाजीसाहेब होळी झाल्यावर जेवले. आतोबा उंदीर ठेवून बाहेर ओट्यावर येऊन बसले, अर्ध्या तासाने आत गेले तर उंदीर नाही. मी पुढे दोन-तीन आठवड्यांनी धारला गेले तेव्हा ही हकिकत त्यांनी मोठ्या खुशीत सांगितली. मी विचारलं, ऐकून मंदार काय म्हणाला?

आतोबांनी कपाळाला हात लावला. "अगं, त्याला सांगायचं राहूनच गेलं की. बोलता बोलता वेळच पुरत नाही."

संध्याकाळी मी देवासला परत निघाले. माझे बाबा तेव्हा असते तर बसमधूनच त्यांना फोन केला असता, काही काम नसताना.