सरोजाक्का शेवटी काय म्हणाल्या

सरोजाक्कांना मी शेवटचं भेटले ते बेंगळुरात सर्जापूर रोडवर, त्यांच्या भाचीच्या फ्लॅटमध्ये. यशवंतपूरहून तिथं पोचायला दोन बस बदलाव्या लागल्या आणि खाली गेटवर नाव, नंबर, कुणाकडे चाललात, सगळं सांगावं लागलं. अक्का खिडकीजवळच्या पलंगावर उताण्या निजल्या होत्या. झटका येऊन दीड महिना झाला होता. उजवा हात आणि उजवा पाय गेलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि बोलणं... आवाज होता, पण त्यातून एकही शब्द धड बाहेर पडत नव्हता. भाची, वीणाताई, चहा करायला आत गेली. मी पलंगाच्या कडेला उभी होते. अक्कांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि बोलायला लागल्या. चांगली चार-पाच वाक्यं. मध्ये थांबून, दम घेऊन, पुन्हा. शेवटी आवाज जरा वर गेला आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी मान हलवली. म्हटलं, "कळलं अक्का." त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी पुन्हा मान हलवली, जरा जास्तच जोरात. "हो अक्का, कळलं. करते." मग त्यांनी माझं मनगट सोडलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मला काहीही कळलं नव्हतं.

आठ दिवसांनी, सकाळी मी कॉलेजचा जिना पुसत होते, तेव्हा ऑफिसातले क्लार्क वरून म्हणाले, "मालन, सरोजा मॅडम होगबिट्रु." गेल्या. मी हो म्हटलं आणि उरलेल्या पायऱ्या पुसल्या. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. शेवटच्या पायरीवर बसले तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की आता ते विचारता येणार नाही.

आमचं कॉलेज बी.एड.चं. शिक्षक व्हायचं असतं ती मुलंमुली इथं शिकवायला शिकतात. अक्कांनी इथं तीस वर्षं शिकवलं. मी इथं झाडलोट करते. आमची ओळख झाली ती माझ्या तोंडामुळे. नवीनच लागले होते, व्हरांड्यात बादली घसरली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मुडद्या!" मागून आवाज आला, "कुणाला गं? बादलीला का मला?" मी वळले तर सुती साडीतल्या मॅडम. "तुम्ही... मराठी?" एवढंच विचारलं. "आम्ही इथले मराठी," त्या म्हणाल्या. "साडेतीनशे वर्षं झाली येऊन. परत जायचं अजून ठरतंय." त्यांचं घर कॉटनपेठेत, घरात मराठी, पण निम्मी कानडी. "स्वल्प थांब", "सरी, ये मग" असं बोलायच्या; सरी म्हणजे बरं. मी निपाणीकडच्या खेड्यातली. नवरा कांद्याची पोती उतरवायला यशवंतपूरच्या मार्केटात आला, म्हणून मी आले. आमच्या गावची मराठी शाळा चौथीपर्यंत होती, तिथं माझं शिक्षण संपलं. सगळ्या कॉलेजात त्या "मॅडम", मी मात्र पहिल्या दिवसापासून अक्का म्हटलं आणि त्यांनीही कधी दुसरं काही म्हणवून घेतलं नाही.

इथं सराव पाठ असतात. एक मुलगी फळ्यापुढे उभी राहून शिकवते, बाकीच्या सहावीतली पोरं असल्याचं सोंग करून बसतात, आणि मागच्या रांगेत बसून शिक्षक मार्क देतात. सगळ्यांना सगळं आधीच येत असतं. "टीचर, टीचर, मला शू आली," असं कुणीतरी म्हणतं आणि वर्ग हसत सुटतो. एके दिवशी मी बाहेर झाडत होते तर अक्कांनी आतून हाक मारली. "मालन, आत ये. पुढच्या बाकावर बस." मी झाडू बाकाखाली सरकवला आणि बसले. अक्का सगळ्यांना कानडीत म्हणाल्या, "येतंय त्यांना शिकवून काय उपयोग? हिला येत नाही. हिला शिकवा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाठ संपल्यावर त्यांनी विचारलं, "मालन, कळलं?" मी म्हटलं, "कळलं." काय शिकवत होते ते आज आठवतसुद्धा नाही.

मग ती रीतच पडली. सराव पाठ असला की मालन पुढच्या बाकावर. कानडी मला मार्केटात राहून येत होती, पण फळ्यावरची कानडी वेगळी. मी प्रत्येक वेळी "कळलं" म्हणायचे. गावच्या शाळेत गुरुजी विचारायचे, कळलं का, आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात होss म्हणायचो, तसंच. शिवाय त्या मुलींची तोंडं बघवायची नाहीत. घाम फुटलेला, हातातला खडू मोडलेला. मी मान हलवली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. पुढे तर पोरी आधीच येऊन सांगायच्या, "आंटी, आज माझा पाठ आहे. मान जोरात हलवा हं. हळू हलवली तर पाच मार्क जातात."

दोन वर्षं हे चाललं. मग रेणुकाचा पाठ आला. रायचूरकडची मुलगी, उंच, फार घाबरट. रात्र आणि दिवस कसे होतात ते शिकवत होती. "कळलं?" अक्कांनी विचारलं. "कळलं," मी म्हटलं. नेहमी तेवढ्यावर संपायचं. त्या दिवशी अक्का म्हणाल्या, "सरी, मग सांग बघू, रात्र कशी होते?" मी म्हटलं, "सूर्य बुडतो." वर्ग हसला. रेणुकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मधल्या सुट्टीत अक्कांनी मला जिन्याखाली गाठलं. एवढं रागावलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "तुला काय वाटतं, तू तिच्यावर उपकार केलेस? तू हो म्हणालीस की ती समजते आपल्याला शिकवता येतं. उद्या शाळेत जाईल, तीस वर्षं असंच शिकवेल, आणि चाळीस पोरं तुझ्यासारखी मान हलवून घरी बसतील. माझ्यापुढे तरी हलवू नकोस गं, मालन. निदान माझ्यापुढे." मी मान हलवली. मग त्यांनाच हसू आलं. "बघ, परत!"

रेणुकानं पाठ पुन्हा घेतला तेव्हा मी, माझ्या जन्मात पहिल्यांदा, भरल्या वर्गात म्हटलं, "नाही कळलं." आवाज फुटला नाही, दोनदा म्हणावं लागलं. रेणुका थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं डब्यातलं मोसंबं काढलं, कपाळावरची टिकली काढून त्याला चिकटवली आणि मोबाइलची बॅटरी लावून दुसरीच्या हातात दिली. "आंटी, ही टिकली म्हणजे तुम्ही. इथं बेंगळुरात उभ्या आहात." आणि मोसंबं हळूहळू फिरवलं. टिकली उजेडातून अंधारात गेली. बॅटरी होती तिथंच होती. मी ओरडलेच, "म्हणजे तो कुठं जातच नाही!" मागून अक्कांनी टाळी वाजवली. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, सूर्य कुठं जात नाही, आपणच फिरतो. तो म्हणाला, "तरीच माझी कंबर दुखती."

त्यानंतर बरीच वर्षं मी त्यांच्यापुढे खरं बोलले. नाही कळलं तर नाही म्हटलं. पोरी माझ्यावर चिडायच्या आणि नंतर फोन करायच्या. अक्का कॉलेजचं वार्तापत्र काढायच्या, चार पानी. कोणते सर कुठं भाषणाला गेले, कुणाला बक्षीस मिळालं, जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोण कुठल्या शाळेत लागलं, कोण वारलं. घड्या घालणं आणि पत्ते चिकटवणं माझ्याकडे. घडी घालता घालता त्या मला मराठीत वाचून दाखवायच्या. "ही बघ, तुझी रेणुका. सरकारी शाळेत लागली." तुझी म्हणायच्या, दर वेळी.

अशा बाईपुढे मी मान हलवली. ज्या एका माणसानं मला नाही म्हणायला शिकवलं, त्याच माणसापुढे. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सांगता येत नव्हतं, समोर मी होते, आणि मला एवढंच म्हणायचं होतं, नाही कळलं अक्का, परत सांगा. मी न विचारता त्यांनी परत सांगितलंसुद्धा. मला लाज वाटली... त्या एवढ्या धडपडतायत आणि मला कळत नाही, याची. भिंतीकडे तोंड फिरवलं तेव्हा त्यांनी मला ओळखलं होतं. चाळीस पोरांतली एक.

यावर ते थांबलं असतं तर माझं मी सोसलं असतं. कॉलेजात शोकसभा झाली. प्रिन्सिपल सर बोलता बोलता माझ्याकडे वळले. "मालन शेवटी भेटून आल्या आहेत. मॅडम कॉलेजची आठवण काढत असतील, नाही का?" सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. माझी मान हलली. "विद्यार्थ्यांची?" पुन्हा हलली. एक तरुण मॅडम वहीत लिहून घेत होत्या. तीन आठवड्यांनी वार्तापत्र आलं, अक्कांचा फोटो पहिल्या पानावर. बसच्या पाट्या वाचून वाचून मला कानडी अक्षरं लावता येतात. एकेक अक्षर लावत वाचलं. फोटोखाली लिहिलं होतं, शेवटच्या भेटीतही मॅडमनी कॉलेजची आणि आपल्या विद्यार्थ्यांचीच आठवण काढली, असं आमच्या मालन यांनी सांगितलं. वार्तापत्रात माझं नाव पहिल्यांदा आलं ते असं. घड्या मीच घातल्या. पत्ते मीच चिकटवले. एक गठ्ठा मागे ठेवावा, कुणाला कळणार नाही, असं मनात आलं होतं. ठेवला नाही. सगळे पोस्टात गेले.

नंतर वीणाताई अक्कांची पुस्तकं लायब्ररीला द्यायला आली. पेट्या उतरवून झाल्यावर माझ्याशेजारी पायरीवर बसली. "मालनमावशी, एक विचारू? तुम्ही आलात त्या दिवशी ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. मला तिचं एक अक्षर समजायचं नाही. पण तुम्ही 'कळलं, करते' म्हणालात, ते मी किचनमधून ऐकलं." ती माझ्याकडे वळली. "दुखतंय वगैरे म्हणाली का? कारण शेवटी आंघोळ घालताना बघितलं... पाठीला एवढी जखम, मावशी. पडून पडून झालेली. नर्स रोज यायची, वरवर पुसून जायची. पण आय मीन, मी बघायला पाहिजे होतं ना? मी घरातच होते."

तिचा हात धरून मी म्हटलं, "नाही ताई. दुखण्याचं काही बोलल्या नाहीत." ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हणाली, "थँक्यू मावशी, रोज रात्री तेच डोक्यात यायचं."

आता ते माझ्या डोक्यात येतं. कदाचित त्या म्हणत असतील, मालन, मला जरा कुशीवर कर. एवढंच. पाठीखाली आग होतेय, कुणाला कळत नाही, तुला कळेल, नाही कळलं तर तू विचारशील. मी बादल्या उचलणारी बाई. दोन हातांनी सहज वळवलं असतं त्यांना. "करते," म्हटलं आणि चहा पिऊन निघून आले. कदाचित वेगळंच काही असेल. घराचं, पुस्तकांचं, कुणाला तरी निरोप. पण कुठल्याही बाजूनं विचार केला तरी शेवटी मी चहाचा कप ठेवून उठते आणि त्या उताण्याच राहतात.

मागच्या आठवड्यात रेणुका आली. रायचूरहून एवढ्यासाठी. आता तिचे केस पिकायला लागलेत. हातात वार्तापत्र. पाठ संपून वर्ग रिकामा झाला होता, तिथं आम्ही बसलो. ती कानडीत बोलत होती. "आंटी, विद्यार्थ्यांची आठवण काढली म्हणजे नेमकी कुणाची? माझं नाव होतं?" तिच्यापुढे मला खोटं बोलवेना. सांगितलं सगळं. बोलणं समजलं नव्हतं, मी उगाच मान हलवली, हे छापलंय ते कुणी बोललेलंच नाही.

ती कागदाकडे बघत राहिली. "मग 'नाही कळलं, परत सांगा' का नाही म्हणालात? मला तर म्हणाला होतात."

"त्यांनी परत सांगितलं गं. तरी हलवली."

मग ती हळूच म्हणाली, "पण पाच वाक्यं होती ना? पाचांत एक तरी नाव असेल. असेल ना, आंटी?" आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी मान ताठ धरून बसले. मानेची शीर दुखायला लागली. शेवटी ती उठली, वार्तापत्र नीट घडी घालून पर्समध्ये टाकून निघून गेली. तिला गेटपर्यंत सोडायलाही मी उठले नाही. खरं सांगितलं की हलकं वाटतं म्हणतात. मला काही वाटलं नाही. आणखी एक माणूस रिकाम्या हातानं घरी गेलं, एवढंच.

वीणाताईला अजून सांगितलेलं नाही. सांगायचं ठरवते. शनिवारी वर्ग झाडून झाले की मागच्या रांगेत, अक्का मार्क द्यायला बसायच्या त्या खुर्चीत बसते आणि फोन लावते. तिथून फळा पूर्ण दिसतो, पुढच्या बाकावरच्या माणसाची फक्त पाठ दिसते. वीणाताई लगेच उचलते. "बोला मावशी." मी विचारते, जेवलीस का, तब्येत कशी आहे, बाहेर पाऊस आहे का. ती सगळ्याची उत्तरं देते. मग माझे प्रश्न संपतात, आणि ती म्हणते, "तुमचा फोन आला की फार बरं वाटतं मावशी. पुढच्या शनिवारी पण करा हं."

मी म्हणते, "करते."