हेडली ऑर्गिलची बादली

इंग्लंडमधल्या बर्टन गावात एक रिवाज होता आणि तो कुठे लिहून ठेवलेला नव्हता. कुठल्या ब्रुअरीचं, म्हणजे बिअरच्या कारखान्याचं, बिअर आंबवणारं यीस्ट बिघडलं, वास मारायला लागलं, की तिथला माणूस झाकणाची रिकामी बादली घेऊन शेजारच्या ब्रुअरीच्या फाटकाशी उभा राहायचा. बोलायचा एवढंच, "आमचं आजारी आहे." समोरचा बादली भरून आणायचा आणि झाकण सैल ठेवून हातात द्यायचा. सैल अशासाठी, की यीस्ट जिवंत असतं; कोंडलं तर झाकण उडवून लावतं. मालक लोक एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायचे, कोर्टात जायचे. पण बादलीला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. कारण बादली मालकांच्या हातात नसायचीच. ती कामगारांच्या हातात असायची.

हेडली ऑर्गिल थॉर्नवेल ब्रुअरीत यीस्टच्या खोलीवर होता. त्याचा बाप तिथंच राबला. त्या खोलीत ओकची मोठाली पिंपं ओळीनं आडवी टांगलेली असत. आतली बिअर फसफसायला लागली की यीस्टचा फेस प्रत्येक पिंपावरच्या वाकड्या नळीतून, बगळ्यानं मान उंचवावी तसा वर चढायचा आणि माथ्यावरच्या लांब पन्हळीत पडायचा. बिअर खाली निवळ राहायची. वरचं यीस्ट पुढच्या बिअरला. ते तिच्या पुढच्या बिअरला. असं एकच यीस्ट बापापासून मुलापर्यंत चालत आलेलं. हेडली त्याला म्हातारी म्हणायचा. थंडीत नळ्या संथ झाल्या की "म्हातारी रुसली," आणि पन्हळ उतू गेली की "म्हातारीला आज नाचायचंय."

माणूस तापट. युनियनचा पुढारी, त्यामुळे तापट असणं हा कामाचाच भाग असल्यासारखा. एकदा संपात शेजारच्या ब्रुअरीच्या मुकादमाशी त्याची फाटकासमोर हाणामारी झाली. त्याच आठवड्यात तो मुकादम सुजलेला डोळा घेऊन बादलीसह दारात. "आमचं आजारी आहे." हेडलीनं बादली भरली, आणून दिली आणि म्हणाला, "डोळ्याला काहीतरी थंड लाव, गाढवा."

अशा माणसानं एकदा बादलीला नाही म्हटलं. सगळी गोष्ट तिथून सुरू होते.

कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडत होत्या, ते दिवस. थॉर्नवेल नव्या मालकांनी घेतली होती. त्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीची पिवळी, दात वाजतील इतकी थंड बिअर इथं बनवायचा करार केला होता आणि ओकच्या पिंपांच्या जागी पोलादी टाक्या बसवायचं ठरवलं होतं. हेडली रोज भांडत होता. नेमक्या त्याच दिवसांत मार्लिस हाउगेन नावाची अमेरिकन बाई ऑरेगनहून आली. तिशीची, दणकट, हातावर भाजल्याचे डाग. तिकडं एका जुन्या गॅरेजात तिची लहानशी ब्रुअरी होती. तिनं पिंपांच्या रांगा पाहिल्या आणि एका वाकड्या नळीवरून हात फिरवला. मग पिशवीतून आपली एक बाटली काढून हेडलीला दिली.

खोलीत एनिड टनिक्लिफ पन्हळी धूत होती. हेडलीबरोबर वीसेक वर्षं त्याच खोलीत काम केलेली बाई. तिनं काम थांबवलं. हेडली काहीतरी बोलणार, हे तिला ठाऊक होतं.

त्यानं घोट घेतला. "ही बिअर आहे का पपनसाची साल?"

"आम्ही बिअरमध्ये घालतो त्या हॉप्सच्या फुलांना तसाच वास येतो. पपनसाचा, पाइनच्या लाकडाचा."

"येऊ दे की. पण बिअरनं मध्येमध्ये बोलावं, बाई. ही तर दारातूनच बोंबलत येते. आणि कडक किती! आमचा माणूस दिवसभर भट्टीपाशी घाम गाळून पबात येतो. त्याला चार ग्लास प्यायचे असतात, भांडायचं असतं आणि नंतर स्वतःच्या पायांनी घरी जायचं असतं."

"तुमच्या पणजोबांची बिअर हिच्याहून कडक होती, मिस्टर ऑर्गिल," मार्लिस म्हणाली. "जहाजातून हिंदुस्थानला जायची ती. मी वाचलंय. तुम्ही ती करायची सोडलीत, आम्ही धरली."

"सोडली नाही, सोडवली आमच्याकडून! पहिल्या महायुद्धात सरकारनं कर लादला, धान्य कापलं, म्हणून बिअर हलकी झाली. आणि त्या हलक्या बिअरमध्ये चव उभी करणं जास्त अवघड आहे. कडक कुणीही करील. कडकमध्ये चुका बुडून जातात."

एनिड हसली. "ती ऐकून घेतेय, हेडली. कमिटीची मीटिंग असल्यासारखा ओरडू नकोस."

मार्लिसनं तेव्हाच पोलादी डबा पुढं केला. झाकणासकट, रिकामा. तिला इथला रिवाज कुणी सांगितला होता कोण जाणे. "असं पिढ्यांपासून चालत आलेलं थोडं यीस्ट हवं होतं," ती म्हणाली.

हेडलीचा चेहरा लाल झाला. "तुमची ती पिवळी बिअर आमच्या म्हातारीला घराबाहेर काढतेय, आणि तुम्ही डबा घेऊन आलात?"

"ती माझी नाही. आमच्याकडे आधी दारूबंदी आली, तिनं लहान ब्रुअऱ्या मारल्या. बंदी उठल्यावर उरले ते हे कारखाने, मका आणि तांदूळ घालून पातळ करणारे. आम्हाला स्वयंपाकघरात पातेल्यात बिअर करायलाही कायद्यानं मनाई होती, तरी आम्ही चोरून शिकलो. तुमच्या आधी त्यांनी आम्हाला लुटलंय."

हे ऐकण्यासारखं होतं. पण रागावलेल्या हेडलीला सगळे अमेरिकन सारखेच दिसत होते. "रिवाज आजारी असलेल्यासाठी आहे," तो म्हणाला. "तुमचं आजारी आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे नाहीच."

"मग नाही."

ती डबा घेऊन गेली. एनिड पन्हळीचं घाण पाणी फेकायला तिच्या मागोमाग अंगणात गेली. हेडलीनं तिकडं पाहिलंही नाही.

पुढचं सांगायला फार नाही. संप झाला. हरला. पोलादी टाक्या आल्या, पिंपं करवतीनं मधोमध कापून बागेत फुलं लावायला विकली गेली. ओकच्या ज्या लाकडात माणसांचं आयुष्य मुरलं, त्यात साहेबांच्या बायकांनी पेटुनिया लावले. पिंपांची एक रांग तेवढी हेडली आणि त्याच्या दोस्तांनी हातगाडीवर घालून पळवली. टाक्यांतल्या बिअरला पॅकेटमधलं यीस्ट लागायचं. म्हातारीचं शेवटचं यीस्ट डुकरांच्या खाद्यात गेलं. हेडली अंगणात उभा राहून बघत होता. एक नमुना कुठं तरी ठेवा, असं सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. घरातलं माणूस बरणीत भरून ठेवा, असं कोण सांगतं?

काही वर्षांनी मालकांना तीही जागा नकोशी झाली आणि थॉर्नवेल बंद झाली. मग हेडली आणि चार जुन्या कामगारांनी कालव्याकाठच्या एका तबेल्यात ती पळवलेली रांग टांगली. बर्टनचं पाणी तेच, विझलेल्या आगकाडीचा वास असलेलं. सातू तेच, हॉप्स तेच. यीस्ट दुसऱ्या गावचं आणलं. बिअर झाली, वाईट नव्हती. पबातल्या म्हाताऱ्यांनी घोट घेतला, छान आहे म्हणाले आणि ग्लास अर्धा ठेवून डॉमिनो खेळायला लागले. हेडलीला शिव्या चालल्या असत्या. अर्धा ग्लास सोसवेना. पिंपांच्या नळ्यांचंही तसंच. यीस्ट वर चढायचं नाही, तळाशी बसून राहायचं. पन्हळ कोरडी. तबेल्यातले इतर म्हणायला लागले, टाकी घेऊ, गावाचं नाव छापू, विकू. हेडली म्हणाला, तसं केलंत तर मी नाही. असं सगळं मोडायच्या बेतात आलं होतं.

एनिड त्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळली. फुप्फुसं गेली होती. हेडली तिच्याकडे डुकराचं मांस भरलेली पाई घेऊन जायचा, तिला खाववायचं नाही, तोच खायचा आणि तबेल्याचं रडगाणं गायचा. एके दुपारी ती म्हणाली, "म्हातारी जिवंत आहे."

"औषधं जास्त झालीत तुला."

"मी तिला दिली. त्या मार्लिसला. अंगणात, तिच्या डब्यात. ख्रिसमसला कार्ड पाठवते ती मला. अजून त्याच यीस्टवर बिअर करते."

हेडली उठला. खुर्ची आडवी झाली. "माझ्या पाठीमागे?"

"तुझ्यासमोर दिलं असतं तर तू डबा लाथाडला असतास. आणि मग रिवाज तूच मोडलास, हे मला जन्मभर बघावं लागलं असतं." तिला खोकला आला, ती बराच वेळ खोकत राहिली. "आता बस. नाहीतर जा. पण ओरडू नकोस."

तो गेला. दोन दिवस नुसता तबेल्यात आला, पिंपं धुतली, परत गेला. एनिडचं बरोबर होतं, हे त्याला दारातच कळलं होतं; सलत होतं ते वेगळंच. त्याला आता मागावं लागणार होतं. जिला नाही म्हटलं, तिच्याकडे.

दोस्त म्हणाले, फोन कर, ती पार्सलनं पाठवील. "बादली पार्सलनं जात नाही," हेडली म्हणाला. "बादलीबरोबर माणूस जातो." जवळच्या बर्मिंगहॅम शहरापलीकडे कधी न गेलेला हा माणूस झाकणाची स्टीलची बादली मांडीवर घेऊन विमानात बसला. शेजारचा प्रवासी म्हणाला, "काका, उलटीसाठी इथं पिशव्या असतात." हेडलीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उतरेपर्यंत गप्प.

मार्लिसची ब्रुअरी आता गॅरेजात नव्हती, पण मोठीही झाली नव्हती. दारात उभं राहिल्यावर त्याला आधी पपनसाचा वास आला आणि त्याच्या तळातून दुसरा. पिकल्या सफरचंदाचा, ओल्या पावाचा. थॉर्नवेलच्या जिन्यावर रोज सकाळी यायचा तो. आत एक उघडी लाकडी टाकी होती आणि तिच्यावर जाड, पिवळट फेसाचा डोंगर. मार्लिस हातात मोठा झारा घेऊन वरचा फेस काढत होती. ती वळली. केस पिकले होते. तिनं त्याला ओळखलं, मग बादली पाहिली.

हेडलीनं विमानात वाक्यं जुळवली होती. संपाबद्दल, पेटुनियांबद्दल, तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं वगैरे. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. रिवाजाचे शब्द ओठांवर आले, पण तेही खोटे झाले असते, कारण त्यांच्याकडे आजारी पडायलाही काही उरलं नव्हतं. त्यानं बादली पुढं केली.

"आमच्याकडे नाहीच," तो म्हणाला.

मार्लिसनं काही न विचारता बादली घेतली, टाकीतून भरली, वर झाकण सैल ठेवलं आणि आणून दिली.

"ती बदललीय," मार्लिस म्हणाली. "इतकी वर्षं आमचं पाणी, आमचे हॉप्स. तुमच्याकडची तीच निघेल, असं मी सांगू शकत नाही."

"मीही तोच नाही," हेडली म्हणाला. तिनं एका लहान पिंपातून, गॅस न भरलेली, तळघराइतपतच गार बिअर ओतून दिली. पपनस होतंच. तरी त्यानं ग्लास पूर्ण रिकामा केला. पुन्हा मागितला नाही.

बर्टनला परतल्यावर तो तबेल्यात न जाता बादली घेऊन सरळ एनिडकडे गेला. तिला आता घोटभर पाणीही अवघड होतं. त्यानं झाकण काढलं आणि बादली तिच्या नाकाशी धरली. एनिडनं डोळे मिटले आणि जमेल तेवढा श्वास ओढला.

"थोडी परकी झालीय," ती म्हणाली.

"हो."

"आहे पण तीच."

"हो."

"तिनं काही विचारलं?"

"नाही."

एनिडनं मान हलवली. हात उचलून तिनं झाकण बादलीवर ठेवलं, घट्ट नाही, सैल. बिअर तयार होईपर्यंत एनिड जगली नाही. पण दुसऱ्या दिवशी हेडलीनं यीस्ट पिंपांत घातलं, तेव्हा ती जिवंत होती. आणि नळ्यांतून फेस वर चढायला लागला, हे त्यानं तिला जाऊन सांगितलं.