झेरॉक्समध्ये गेलेली ओळ

उमेदवार: कु. गायत्री उमाकांत, वय छत्तीस, रा. कळसाडी, ता. शहादा. अक्कलकुवा येथील एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर गणिताच्या अध्यापिका. संशोधनाचा विषय: रिंग स्पेक्ट्रांची होमॉलॉजी. सहामाही प्रगती अहवाल: सोळा, सर्व समाधानकारक. प्रबंधातील त्रुटी: निरंक.

हे प्रमाणपत्र तिचे मार्गदर्शक भाईदास सर यांनी सोमवारी सही करून दिलं. शुक्रवारी नोंदणीची आठ वर्षं संपत होती, म्हणजे प्रबंध त्याआधी जायला हवा होता. पीएच.डी.शिवाय जुलैपासून तास मिळणार नाहीत, हे प्राचार्यांनी तिला चहा पाजून सांगितलं होतं.

विषय सांगायला अवघड नाही, ऐकायला कोणी नसतं एवढंच. आकारांमधल्या पोकळ्या मोजायचं गणित म्हणजे होमॉलॉजी. रिंग स्पेक्ट्रम हे त्या मोजणीचं असं माप, की आलेल्या उत्तरांचा आपसात गुणाकारही करता येतो. प्रत्येक मूळ संख्येचं माप वेगळं. गायत्रीने दोन घेतला होता, कारण दोनची कोष्टकं हाताने करता येतात आणि कॉलेजचा संगणक बहुतेक वेळा निवडणुकीच्या कामावर असतो.

मंगळवारी फक्त संदर्भसूची उरली. एका सूत्राचा पृष्ठक्रमांक हवा होता. तिच्याकडचं पुस्तक म्हणजे सरांच्या झेरॉक्सची झेरॉक्स. प्रत्येक पानाची तळाची पट्टी कापली गेलेली, तिच्याबरोबर आकडाही. पुण्यातल्या काजल नावाच्या मैत्रिणीकडून तिने मूळ पानाचा फोटो मागवला. आकडा मिळाला. आकड्याच्या वर आणखी एक ओळ होती: हे सूत्र दोन सोडून इतर सर्व मूळ संख्यांसाठी.

सूत्र म्हणत होतं, क ला ख ने गुणा किंवा ख ला क ने, उत्तर एकच. तिने सगळ्यात लहान उदाहरण दोन्ही बाजूंनी करून पाहिलं. एक पद उरलं. पुन्हा केलं, पुन्हा उरलं. चौथ्या प्रकरणापासूनची एकसष्ट पानं त्या सूत्रावर उभी होती.

तिने सरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"माझ्याही प्रबंधात तेच सूत्र आहे," ते म्हणाले. "मी तीन घेतला होता. वाचलो म्हणायचं."

"मी दोन घेतलाय, सर."

"बेटा, परीक्षक दोघं. एक अनुक्रमणिका वाचतो, दुसरा तीही नाही. क आणि ख उलटे करून बघणार कोण?"

"मी बघितले, सर."

सरांनी तब्येत सांभाळायला सांगितलं.

आत रंजनाबाई, तिची आई, भाकरी थापत होती.

"काय व्हयनं?"

"चूक व्हयनी, माय. एक वळ ऱ्हाई गई."

"मंग लिखी टाक ना. पेन शे ना?"

बुधवारी तिने ती ओळ खरोखर लिहिली. त्यानंतर प्रबंध असा झाला: सूत्र दोन सोडून सगळ्यांसाठी खरं, आणि आतली सगळी गणितं दोनची. दुरुस्तीला दोन वर्षं लागली असती. मुदतवाढीचा अर्ज करण्याची मुदत मार्चमध्ये संपली होती.

शुक्रवारी ती विद्यापीठात गेली नाही. जुलैत तिचे तास नवनीत नावाच्या, नुकतीच पीएच.डी. मिळालेल्या माणसाला गेले. प्रमाणपत्र फायलीत आहे; त्रुटी अजून निरंक.

गायत्री आता कळसाडीत पाचवीच्या शिकवण्या घेते. पहिल्या आठवड्यात नियम शिकवते: गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही.