बिडीवर चालणारा वॉर्ड

कळंबच्या पुढं, हायवे सोडून आत गेलं की मनोरुग्णांचा एक खाजगी दवाखाना लागायचा. मी तिथं ब्रदर, म्हणजे पुरुष वॉर्डातला नर्स. आमच्या वॉर्डातून एवढा धूर निघायचा की उसाचे ट्रॅक्टरवाले चुकून आमच्याच गेटाशी येऊन विचारत, "भाऊ, वजनकाटा कुठंय?" पारगावचा साखर कारखाना मागं राहिला आणि हा नवा निघाला, अशी त्यांची समजूत. खोटं वाटत असेल तर वाटू दे. वॉर्डातल्या पाली खोकायच्या, हे तर मी माझ्या कानांनी ऐकलंय.

धूर रुग्णांचा, पण उद्योग आमचा. अंघोळ केली, घे बिडी. गोळी गिळली, घे बिडी. दाढी करताना गप्प बसला, घे बिडी. माणसाला समजावून अंघोळीला न्यायचं तर दोन शब्द बोलावे लागतात, आणि शब्द खर्च करायची आमची तयारी नव्हती. नंदीबैलवालासुद्धा बैलाशी बोलतो. वर आमचं ठरलेलं वाक्य, "येड्याला तेवढाच आधार, राव!" हे म्हणताना आमच्या वॉचमनचा चेहरा असा दयाळू व्हायचा की वाटावं, ह्याला आता नैवेद्य दाखवावा.

नातेवाईकही त्याच माळेतले. बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि वेड्याला बिडीचं बंडल. भेटीला येताना कुणी केळं आणल्याचं मला आठवत नाही.

ह्या वॉर्डात एक मामा होते. डिंभ्याच्या वर, डोंगरातले भातशेतकरी. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. आजार केव्हाच आटोक्यात आला होता, पण घरी जाणं अडलं होतं बिडीवर. मामांच्या बिडीनं एकदा पेंढ्याची गंजी पेटली होती. धाकटा भाऊ दर भेटीला तेच सांगायचा, तेही स्वतःची बिडी पेटवता पेटवता: "बिडी सुटल्याबिगर दादाला घरात घ्यायचा न्हाई. आमाला पोरंबाळं हायेत."

उन्हाळ्यात राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून घ्यायला, त्यांचं अख्खं गाव आपल्या हातानं शेतात जाळ करतं. ती आग शहाणी. मामांच्या बिडीची तेवढी वेडी.

मामांना भातलावणीच्या आत घर गाठायचं होतं. "तिकडं चिखल तयार व्हईल आन मी हितं फरशीवर," एवढंच ते बोलायचे.

अशात नव्या डॉक्टर मॅडम आल्या. आल्या आल्या त्यांनी बक्षिसाच्या बिड्या बंद केल्या आणि म्हणाल्या, ज्याला सोडायची असेल त्याला आपण मदत करू. दंडावर चिकटवायच्या निकोटीनच्या चकत्या, तलफ आली की चघळायच्या गोळ्या, आणि रोज प्रत्येकाशी बसून बोलायचं. हे शेवटचं ऐकून स्टाफला घाम फुटला.

"मॅडम, दंगल व्हईल," वॉचमन म्हणाला. "हे लोक छप्पर फाडतील."

दंगल झाली, पण ती स्टाफच्या चहाच्या टेबलावर. मामांनी निमूटपणे दंड पुढं केला. चकती लावून घेतली आणि म्हणाले, "हे ठीक हाय मॅडम. पर देवाम्होरं सोडलेली पक्की सुटती. मला एकदा ओझरच्या गणपतीला न्या."

मॅडमनी हरकत घेतली नाही. दवाखान्याची गाडी निघाली. मामा, मी, आणि मामांवर लक्ष ठेवायला म्हणून वॉचमन आणि आचारी. देवापुढं आपली आवडती वस्तू सोडायची आपल्याकडं रीत आहे. मामा एकटे कसे सोडणार, आपणही काहीतरी सोडू, असं वाटेत ठरलं. आता शहाण्यांची चपळाई बघा. आचाऱ्यानं हात जोडून कारलं सोडलं. ह्या गृहस्थाच्या जिभेला जन्मात कारलं लागलेलं नव्हतं. वॉचमननं डोळे मिटून, गळा भरून आणून ड्रॅगन फ्रूट सोडलं. ते त्यानं मंचरच्या बाजारात लांबून पाहिलं होतं. मी काय सोडलं ते विचारू नका. दोडक्याचं आणि माझं आधीपासूनच पटत नव्हतं.

मामांनी खिशातून बंडल काढलं. भावानंच मागच्या भेटीत दिलेलं.

"इघ्नहरा, ही माझी लई आवडती. सोडली."

झालं. बंडल माझ्या हातात ठेवून मामा चपला घालायला गेले. आणि परतीच्या वाटेवर वॉचमन माझ्या कानाशी लागला, "ब्रदर, ते बंडल द्या की इकडं. वाया कशाला घालवायचं? परसादच हाय तो."

मामा टिकले. तलफ आली की गोळी चघळत वॉर्डाला फेऱ्या मारायचे. एवढ्या मारल्या की तेवढ्यात माणूस भीमाशंकरला जाऊन दर्शन घेऊन परत आला असता. पण हळूहळू फेऱ्या कमी झाल्या. मामा पेंगायला लागले. जेवताना मान ताटात, तोंडातून लाळ, पाय ओढत चालणं. शहाण्यांची पर्वणीच आली.

"बगा," आचारी डाव नाचवत म्हणाला, "बिडी व्हती म्हून माणूस जागा व्हता. ह्यांनी सोडवली आन माणूस आटपत आणला."

वॉचमननं कुणाला न विचारता भावाला फोन लावला. भाऊ धावत आला, पलंगाशी बसला, हनुवटी धरून मामांना हलवलं. "दादा, ए दादा!" दादा डोळे उघडेना. तेव्हा ज्यानं बिडीपायी घराचं दार लावलं होतं, त्याच भावानं खिशातून बिडी काढली, पेटवली आणि मामांच्या ओठांशी धरली.

"घरी न्यायचं नंतर बगू," म्हणाला. "आधी माणूस जगला पायजे."

मामांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी ओठही मिटून घेतले. असे मिटले की पक्कड आणली असती तरी उघडले नसते. मी मॅडमना आणायला जो पळालो, तो जिन्याच्या चार पायऱ्या आजतागायत मला सापडलेल्या नाहीत.

मॅडमनी पहिल्यांदा बिडी विझवली. मग भावाला समोर बसवून सांगितलं, "बिडीचा धूर मामांचं औषध अंगातून लवकर संपवत होता, म्हणून त्यांना डोस जास्त लागायचा. धूर थांबला, तसं औषध अंगात साचायला लागलं. मी डोस कमी केला होता, पण पुरेसा नाही. चूक माझी आहे."

डॉक्टरनं चूक कबूल केली! वॉचमन माझ्याकडं बघायला लागला. मॅडमनाच भरती करून घ्यायची वेळ आली, असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं असावं.

रक्त तपासलं, डोस आणखी उतरवला. काही दिवसांत मामा असे जागे झाले की कोंबड्याला तेच उठवायचे. भावाला पुन्हा बोलावलं. तो आला, मामांना नीट चालताना पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. अट पुरी झाली की अट घालणाऱ्याची कशी पंचाईत होते, ते मी तिथं पाहिलं.

"सुटली खरी," तो डोकं खाजवत म्हणाला, "पर घरी गेल्यावं पुन्ना धरली मंग?"

"धरीन की," मामा म्हणाले. "देणार कोण? तूच ना?"

"मी कशापायी दीन?"

"मागल्या खेपंला तोंडात घालत व्हतास, ती काय गुळाची कांडी व्हती?"

सगळा वॉर्ड हसला. ज्यांना आम्ही बिडी दाखवून नळाखाली उभं करत होतो, ते पोट धरून हसत होते. भावानं पलंगाखालची पिशवी पुढं ओढली.

"चल, दादा," तो म्हणाला. "पिशवी घे."

ऐन लावणीत मी मामांची औषधं पोचवायला वर गेलो. पाऊस असा की बेडकांनी छत्र्या मागाव्या. मामा गुडघाभर चिखलात, रोपांची मूठ हातात घेऊन मागं मागं सरत लावणी करत होते. भाऊ बांधावर, प्लॅस्टिकच्या इरल्यात डोकं खुपसून काडी ओढत होता. काडी विझत होती, तो दुसरी ओढत होता. घरात बिडी पेटवायला मामांनी बंदी केली होती.

"धाकल्या," मामांनी खालूनच हाक दिली, "भिजू नगं. घरात जा. ती तेवढी भाईर ठेव."

भावानं माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम डोंगराकडं बघत राहिलो. त्यानं बिडी कुंपणाच्या काठीत खोचली आणि पाय आपटत घराकडं गेला. मामांनी मान वर केली नाही. त्यांची ओळ अजून अर्धी राहिली होती.