मागे उरलेलं

१९ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी नळाला पाणी कमी. दुपारी खुर्ची दुरुस्त करायला सुतार येणार. इंग्रजी-मराठी शब्दकोशाची शेवटची प्रूफं उद्या द्यायची. मागच्या खेपेला दोन चुका राहिल्या. आता एक जरी राहिली तरी काम दुसऱ्याकडे, असं संपादकांनी बजावलंय.

एवढं लिहून माईंनी वही मिटली आणि प्रूफं पुढ्यात ओढली. चाळीस वर्षं हे काम दोघांचं होतं. माई मूळ प्रत मोठ्यानं वाचायच्या, अगदी स्वल्पविरामासकट, आणि समोरच्या खुर्चीत अप्पा प्रूफावरून बोट फिरवायचे. चूक सापडली की बोलायचे नाहीत, नुसते मागे टेकायचे. खुर्ची कुरकुरायची, माई थांबायच्या. अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. आता दोन्ही कागद माईंच्याच हातात. पण प्रत्येक ओळीनंतर क्षणभर थांबायची सवय सुटली नव्हती. सूनबाई चेष्टा करायची, "आई, कुणाच्या होकाराची वाट बघता?"

आजच्या पानावर 'रेलिक' आणि 'रेलिक्ट' एकाखाली एक आले. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिकवलेले शब्द; दुसरा तर त्यानंतर कुठे भेटलाच नव्हता. प्रूफात पहिल्यापुढे छापलं होतं, नवऱ्यामागे उरलेली बाई. दुसऱ्यापुढे, गेलेल्या माणसाची जपून ठेवलेली वस्तू. मागे उरलेलंच की दोन्ही, असं म्हणत माई मूळ प्रत न बघताच पुढच्या ओळीकडे वळल्या.

समोरची रिकामी खुर्ची कुरकुरली.

चहा घेऊन आलेली सूनबाई दारातच थबकली. "आई, खुर्ची तुम्ही हलवलीत?"

"माझे पाय इथं स्टुलावर आहेत, बाई."

खिडकी लावलेली होती. पंखा बंद होता. खुर्चीतली उशी सूनबाईनं सकाळीच झटकून फुगवून ठेवली होती. तिच्या मधोमध आता चांगला खळगा पडला होता. ती चहा स्टुलाजवळ ठेवून, खुर्चीकडे पाठ न करता, मागच्या पावली गेली.

माईंनी मूळ प्रत काढली. रेलिक म्हणजे वस्तू, रेलिक्ट म्हणजे बाई. छापताना अर्थांची अदलाबदल झाली होती. त्यांनी लाल पेन्सिलीनं दोन बाण काढले.

"वस्तू वेगळी, माणूस वेगळं," त्या खुर्चीकडे बघत हळूच म्हणाल्या. "कळलं."

उरलेली सगळी पानं खुर्ची गप्प होती.

संध्याकाळी वहीत ओळ पडली: सुतार आला होता. खुर्चीला हात लावू दिला नाही. न्हाणीघराची कडी बसवून घेतली.