कोपरा फाटलेलं कार्ड

आमच्या बंदराकडच्या वाडीत गाण्याचा वर्ग देवळाच्या उत्सवावर चालत असे. कार्तिकात एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत उत्सव. रोज दुपारी आरती झाली की वर्गातली मुलं सभामंडपात गात आणि गायनमास्तर पेटी घेऊन बसत. पौर्णिमेला सकाळी घरटी एक माणूस उठून देवासमोर बोले, "आमच्याकडून मास्तरांना इतकं भात." त्या भातावर मास्तरांचं वर्ष निघे. मुलं गायली नाहीत तर बोली नाही, आणि बोली नाही तर मास्तर राहणार कशावर?

वर्ग मी सुरू करवला होता. वडील गलबतावर खलाशांचे तांडेल. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कागदावर अंगठ्याखेरीज काही उठवलं नव्हतं. मी बी.ए. होऊन कचेरीत लागलो, तेव्हा वाडीने मला उत्सवाचा चिटणीस केलं. याचा मला अभिमान होता, आजही आहे. खोटं कशाला बोलू? शहरातल्या चार घरांत पेटी वाजायची आणि आमच्या पोरांनी ती अंगणाच्या गडग्याबाहेर उभं राहून ऐकायची, हे मला सोसत नव्हतं.

सगळ्यांना ते पटलं होतं असं नाही. वाडीतला सर्वांत वडीलधारा म्हातारा, ज्याच्या शब्दावर बाकीची घरं चालत, मला तोंडावर म्हणाला होता, "अरे बीए, सा रे ग म करून पोरं काय सुकाणू धरनार हायत? यंदा देवाम्होरं नीट गायली तर बगू. नायतर त्या भातावर मी नमनाचे खेळ करनाऱ्यांस्नी जेवू घालीन."

दशमीच्या संध्याकाळी मी मंडपात तोरणं बांधत होतो. पोस्टमन दारातूनच हात पुढे करून म्हणाला, "मास्तरांचं कार्ड. हेदवीकडचं. कोपरा बगा."

कार्डाचा कोपरा फाटलेला होता. मयताची बातमी असली की आमच्याकडे कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. अशुभ कागद म्हणून तो घरात नेत नाहीत, उंबऱ्याबाहेर वाचून टाकून देतात.

"तुम्हीच द्या," मी म्हटलं.

"मी नाय देनार. सनासुदीला तेंच्या हातात असलं काय ठेवू? तुमी शिकलेले, तुमी बगा काय ता." एवढं बोलून तो गेलाही.

हेदवीला मास्तरांची म्हातारी आई होती, दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे आई गेली. सुतक लागलेला माणूस देवळाची पायरी चढत नाही. मास्तर नाहीत तर पेटी नाही, आणि पेटीशिवाय ती पोरं पहिल्या ओळीतच कोलमडली असती. वर्ग संपला असता.

सुतक कळल्यापासून लागतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. न वाचलेलं कार्ड म्हणजे न कळलेलं सुतक. मी कार्ड पालथं करून कोटाच्या आतल्या खिशात घातलं. गेलेली बाई पाच दिवसांनी काय आणखी जाणार आहे, असं मी स्वतःला सांगितलं. आणि दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, एवढा सभ्यपणा पाळल्याचं समाधानही मानलं.

पोरं गायली. मास्तरांनी पेटीवर मान खाली घालून त्यांना सांभाळून नेलं. द्वादशीला तर ते हसत मला म्हणाले, "चिटणीस, बोली झाली की चार दिवस आईकडे जाऊन येतो. म्हातारी वाट बघत असेल." मी "हो, या की" म्हटलं.

पौर्णिमेला म्हातारा सर्वांत आधी उठला आणि वाडीत सर्वांत जास्त भात त्याने बोललं. लोक पांगल्यावर मी मास्तरांना पिंपळाखाली नेलं आणि कार्ड दिलं. "दशमीला आलं. उत्सवासाठी ठेवलं. माफ करा."

फाटक्या कोपऱ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग त्यांनी कार्ड वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

"कुणी फाडला हा?"

"तसंच आलं."

त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. शेजाऱ्याने लिहिलं होतं : आई अंथरुणाला खिळली आहे, सारखं तुझं नाव घेते, असशील तसा निघ.

कोपरा वाटेत कुठेतरी टपालाच्या थैलीत फाटला होता.

"वाचलं नाहीत तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं.

"बीए ना तुम्ही?" एवढंच म्हणाले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी हेदवीला जायला जयगडच्या वाटेला लागले.

आई चतुर्दशीला गेली होती. दशमीला निघाले असते तर द्वादशीला पोचले असते. ते पोचले तेव्हा बाहेरगावाहून आलेल्या चुलतभावाने अग्नी दिला होता.

तेरावं उरकून मास्तर भादरलेल्या डोक्याने परत आले. जाणार कुठे? भात वाडीने बोललेलं होतं. वर्ग चालला, पुढे बरीच वर्षं चालला. त्यातली दोन पोरं स्वतः शिकवण्या करू लागली आणि लोक त्याचं श्रेय मला देतात. मी ते नाकारत नाही.

मास्तर माझ्याशी कामापुरतं बोलत. फक्त दरवर्षी दशमीला, पेटी देवळात न्यायच्या आधी, सगळ्या पोरांसमोर ते पायरीखाली थांबून मला विचारत, "चिटणीस, माझं काही टपाल?"

"नाही," मी म्हणे.

"नक्की ना?"

मी पुन्हा "नाही" म्हणेपर्यंत ते पायरी चढत नसत.